क्लच पेडलचं रबर

दुसऱ्याच्या गाडीत आधी नाक घालायचं, मग डोळे, आणि तोंड सगळ्यात शेवटी. हा नियम मीच केला आणि मोडलाही मीच. मोडला त्याची शिक्षा माहुलच्या चांगुणाबाईंनी मला चारचौघांत केली, आणि ती मला मान्य आहे. तीच हकिकत सांगायची आहे. पण गाडी तपासणं म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आमच्या कांजूरमार्गच्या बिल्डिंगमध्ये अजून निम्म्या लोकांना वाटतं की मी टायरला लाथ मारून फी घेत होतो.

भांडुपच्या एका गॅरेजमध्ये बारा वर्षं हात काळे केल्यावर मी जुन्या गाड्या तपासून द्यायला लागलो. गाडी घेणारा मला बोलावतो, मी दीड-दोन तास गाडी बघतो आणि दोन पानी रिपोर्ट देतो. घ्यायची की सोडायची ते त्याचं त्याने ठरवायचं. विकणाऱ्याला मी अर्थातच आवडत नाही. मुलीकडून चौकशीला आलेला मामा मुलाकडच्यांना जितपत आवडतो, तितपतच मी आवडतो. चहा मिळतो, पण साखर कमी.

अलीकडे मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सगळ्यांना एकच गाडी हवी असते. लांबीला छोटी, उंचीला मोठी. आजीला गुडघे न दुखता चढता आलं पाहिजे, डिकीत गणपतीला गावी न्यायचं सामान मावलं पाहिजे, आणि सोसायटीच्या दोन खांबांमध्ये आरसे न मुडपता उभी राहिली पाहिजे. कंपन्या तिला एसयूव्ही म्हणतात. त्यातही घाट चढणारी, हिशोबी माणसं गिअरवाली मागतात. ऑटोमॅटिक सुखाची असते हे खरं, पण कोकणात एखाद्या वळणावर बंद पडली तर तिथला मेकॅनिक हात जोडेल, ही त्यामागची भीती.

गिअरच्या गाडीत बघायचा तो क्लच. एलबीएस रोडवर घाटकोपर ते मुलुंड एकदा जाऊन या, डावा पाय किती वेळा खाली गेला ते मोजा, म्हणजे क्लच प्लेटचं काय होत असेल ते कळेल. ती तपासायची सोपी रीत आहे. हँडब्रेक ओढायचा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकायची आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन गचका देऊन बंद पडलं तर प्लेट शाबूत. बंद न पडता नुसतंच गुरगुरत राहिलं तर प्लेट संपली. मग विक्रोळी पार्कसाइटच्या चढावर गाडी निम्म्यात थांबवायची आणि पुन्हा उचलायची. जळका वास आला की मालक चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी धरून ठेवत होता हे समजायचं. असे लोक घरात पंखा बंद न करता निघणारे असतात, असा माझा अनुभव आहे.

नमुने तर काय एकेक. बोरिवलीचे एक गृहस्थ मला इंजिनाचा आवाज ऐकवताना रेडिओ बंद करायला तयार नव्हते. "गाणं लागलं की गाडीचा मूड राहतो," म्हणाले. अंधेरीला एकाने गाडीत चार-चार अत्तराच्या डब्या टांगल्या होत्या. मी दार उघडलं, तर अत्तराखालून ओला, कुबट वास आला आणि मी तसाच उभा राहिलो. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "साहेब, पाणी कुठपर्यंत आलं होतं?" त्याने निमूटपणे सीटच्या वरपर्यंत हात दाखवला.

माझं नाव झालं ते मात्र पेडलवरून. अंधेरीलाच एक गाडी होती, मीटरवर अठ्ठावीस हजार किलोमीटर. सगळं चकाचक. मी खाली वाकलो, टॉर्च मारला, तर क्लच पेडलचं रबर साबणाच्या चिपटीसारखं गुळगुळीत. अठ्ठावीस हजारात रबर असं झिजत नाही. विकणाऱ्या दलालाला म्हटलं, "मीटर मागे फिरवलाय." तो आधी चिडला, मग हसला, मग म्हणाला, "तुमच्यासारखे चार झाले ना, आमची वाट लागेल." तेव्हापासून माझं एक वाक्य ठरून गेलं. मीटर खोटं बोलतो, पाय खोटं बोलत नाही. लोकांना ते फार आवडायचं. मलाही फार आवडायचं, आणि तिथेच घोटाळा झाला.

हुशार दलाल मग रबर बदलायला लागले. त्यामुळे माझ्या शास्त्रात दुसरा अध्याय आला. झिजलेलं रबर वाईट, पण नको तितकं नवं रबर त्याहून वाईट. ते लपवालपवीचं लक्षण. नुसतं पेडल बघायचं नाही, टाच टेकून टेकून कारपेटला पडलेला खड्डा बघायचा, स्टिअरिंगला हाताने आलेली चकाकी बघायची. तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

मुलुंडच्या परबांनी मला बोलावलं तेव्हा मी या शास्त्राचा एकमेव आचार्य होतो. परब एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे, त्यांची बायको स्नेहल शाळेत शिक्षिका. गाडी चालवणार ती. परबांना गाडीत बसल्यावर झोप लागते, त्यामुळे घरात वाद नव्हता. त्यांनी माहुलची एक गाडी पसंत केली होती. दहा वर्षांची, छोटी एसयूव्ही, गिअरवाली, मीटरवर एकसष्ट हजार.

रविवारी सकाळी गाडी परबांच्या सोसायटीत आली. घेऊन आला होता हरेश, मालकाचा धाकटा भाऊ. पन्नाशीचा, बोटीवर काम करणारा माणूस, कमी बोलणारा. उतरला तो अनवाणीच. मी मनात म्हटलं, कोळी माणूस, फिरत असेल अनवाणी. यापुढे मी विचार केला नाही. डिकी उघडली तर स्टेपनीच्या झाकणावर एक कापडी पिशवी होती. तिच्यात चपलांचा जोड होता. मी पिशवी उचलून बाजूला ठेवली, झाकण उघडलं आणि स्टेपनीची हवा बघितली.

गाडी मस्त होती. इंजिन थंड असताना पहिल्या झटक्यात सुरू झालं. खाली खाडीच्या वाऱ्याने धरलेला थोडा गंज होता, तो माहुलच्या गाडीला असणारच. क्लच इतका हलका की मला संशय आला. मग मी टॉर्च घेऊन पेडलपाशी वाकलो. तिन्ही रबरांच्या रेघा जशाच्या तशा, कडा धारदार. कारपेटला टाचेचा खड्डा नाही. आणि स्टिअरिंग? ते लखलखत होतं, लाख-दीड लाख चाललेल्या टॅक्सीसारखं.

"पेडलची रबरं कधी बदललीत?" मी विचारलं.

"नाय बदलली," हरेश म्हणाला.

"कारपेट?"

"नाय."

"गाडी कोण चालवायचं?"

"दादूस. माझा मोठा भाऊ, धर्मा. गेल्या साली वारला. दुसरा कोन हात लावनार?"

डोळ्याची पापणी न लवता खोटं बोलतोय असं मला वाटलं. कोण चालवायचं हे विचारलं, कसं चालवायचा हे विचारलं नाही. आणि तिथेच, पार्किंगमध्ये, परब नवरा-बायको, वॉचमन आणि दूधवाला उभे असताना, मी तोंड उघडलं.

"परब, सोडा ही. मीटर फिरवलाय."

"कोनी फिरवला?" हरेशने विचारलं.

"ज्याच्याकडे गाडी होती त्याने. अजून कोण फिरवणार?"

हरेशने डिकी लावली, आत बसला आणि गाडी घेऊन गेला. स्नेहल मला म्हणाली, "काका, नक्की ना? माणूस खोटारडा वाटला नाही हो." मी म्हटलं, "बावीस वर्षं हेच करतोय." रिपोर्टमध्ये लिहिलं, मीटर मागे फिरवलेला, गाडी घेऊ नये. खाली झोकात सही केली.

चार दिवसांनी फोन आला. "मी चांगुणा. माहुलवरनं. हरेशची वयनी." आवाज बाजारात बसणाऱ्या बाईचा, खणखणीत. "परबांकडनं तुजा नंबर घेतला. आमच्या मानसानं मीटर फिरवला असं तू लिवलंस?"

मी म्हटलं, "मावशी, गाडी बघून जे दिसलं ते लिहिलं."

"येऊन परत बग."

"एकदा दिलेला रिपोर्ट मी बदलत नाही." हे मी अगदी कोर्टाच्या थाटात म्हटलं होतं, ते आठवलं की आज कान गरम होतात.

दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी कामात होतो. खरं तर नव्हतो. तिसऱ्यांदा तिने मला बोलूच दिलं नाही.

"ऐक. मी घाटकोपरच्या बाजारात मासली इकते, चाळीस वर्सं. गिऱ्हाईक आलं की कल्ला उघडून दावते. लाल हाय का बग, मग घे. तू आमचा कल्ला उघडलास? न उघडताच बोंबललास, सडलाय म्हनून. आमचा मानूस बंदरावर काटा धरायचा, मासली मोजायचा. तीस वर्सं. दोन भावांची भांडनं असली तरी दोगं बी त्याच्या काट्याला मानायचे. गारी परत का आली ते बंदरावर समद्यांना कललं. आता लोक काय बोलतात म्हाईत हाय? मीटर फिरवला त्यानं काटा बी फिरवला असंल. मेलेला मानूस उत्तर द्याला येनार हाय का? तू ये."

गाडीबद्दल मी एक ओळ लिहिली होती. ती ओळ एका माणसाच्या तीस वर्षांवर जाऊन बसेल हे मला सुचलंच नव्हतं. लाज वाटली. पण खोटं कशाला सांगू, त्या लाजेत एक बारीकसा विश्वास अजून शाबूत होता की माझं निदान बरोबर आहे, फक्त मी ते मोठ्याने बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माहुलला गेलो. तिथे माझं नाक चालत नाही. रिफायनरीचा वास, खाडीचा वास, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, त्यात गाडीचा वास काय कळणार? चांगुणाबाईंचं घर बंदराकडे जाणाऱ्या गल्लीत. अंगणात गाडी, तिच्या बाजूला निळ्या जाळ्याचा ढीग. चांगुणाबाई बुटक्या, रुंद, पासष्टीच्या. माझ्याकडे त्यांनी आधी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, माशाकडे बघतात तसं.

मी गाडीचं दार उघडलं आणि एक पाय आत टाकला.

"चप्पल काढ."

मला वाटलं अंगणात कुठे देव आहे. मी इकडेतिकडे बघितलं.

"तिकडं काय बगतंस? गारीत बसताना चप्पल काढ. होरीत कोन चप्पल घालून चढतो?"

होरी म्हणजे होडी. मी पाय बाहेर घेतला. हरेश ओट्यावर बसला होता, तो म्हणाला, "नवी गारी आली तवा दादूस बोलला, ही बी आपली होरीच. होरीत लक्ष्मी असते, तितं पायतान न्यायचं नाय. आमी कोनीच कदी चप्पल घालून नाय बसलो. पावनं असलं तरी काढायला लावायचा. चपला डिकीत पिशवीत." मग डिकीकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमीच ती पिशवी उचललीत की."

उचलली होती. चपला हातात धरून बाजूला ठेवल्या होत्या. अनवाणी पायाने रबराच्या रेघा झिजत नाहीत, अनवाणी टाचेने कारपेटला खड्डा पडत नाही, हे कळायला शास्त्र लागत नाही.

"आणि स्टिअरिंग?" मी विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

"खोबरेल," चांगुणाबाई म्हणाल्या. "रोज सकाळी फडक्याला दोन थेंब खोबरेल लावून पुसायचा. वल्ह्याला लावतात तसं. मी ओरडायची, डोक्याला लावाला तेल नाय आनि गारीला लावतोय."

इतकं ऐकल्यावर शहाण्या माणसाने कान धरले असते. मी काय केलं? बॅगेतून कागद काढला आणि दुरुस्ती लिहिली. मालकिणीच्या सांगण्यानुसार गाडी अनवाणी चालवली गेल्याने पेडल झिजलेली नाहीत, मीटरची नोंद बरोबर असू शकते. हरेशने ते वाचून दाखवलं.

"माज्या सांगन्यानुसार?" चांगुणाबाईंनी विचारलं. "मी तर फोनवर बी सांगितलं असतं. मग तू कशाला आलास? तुजं काय म्हननं हाय ते लिव."

"मावशी, मला पुरावा लागतो. चांगल्या गॅरेजची नोंदवही असती तर..."

"आमचा मिस्त्री कागद देत नाय. तू गारी बगनारा ना? मग बग. चप्पल काढ आनि चालव."

मी बूट काढले, मोजे काढले. तेहतीस-चौतीस वर्षं गाड्यांत घालवली, पण अनवाणी पायाने मी क्लच कधी दाबला नव्हता. गॅरेजमध्ये जाड बूट, नंतर रिपोर्टवाला म्हणून पॉलिशचे बूट. पेडलवर पाय ठेवला आणि पहिल्यांदा नुसतं गार लागलं. गल्लीतून गाडी बाहेर काढली, चेंबूरच्या रस्त्याला लागलो. टँकरांच्या रांगेत अडकलो. क्लच, पहिला गिअर, सोड. क्लच, न्यूट्रल. पुन्हा क्लच. दहा-बारा वेळा झालं असेल, आणि मला काहीतरी जाणवायला लागलं. पाय प्रत्येक वेळी एकाच जागी जाऊन बसत होता. मी बसवत नव्हतो, तो आपोआप बसत होता. अंगठ्यामागची गादी जिथे टेकते तिथे रबराला एक उथळ खळगा होता.

गाडी बाजूला घेतली. वाकून टॉर्च मारला. काही दिसेना, रेघा जिथल्या तिथे. बोटाने चाचपलं, तेव्हा लागला. रेघा तशाच ठेवून रबर आतून दबलं होतं, रुपयाएवढ्या जागेत. बुटाने रबर घासून जातं, उघड्या पायाने ते नुसतं दबतं, आणि तेही नऊ वर्षं एकाच पायाने दाबलं तर.

माझे वडील गिरणीत कापड तपासायच्या खात्यात होते. डोळे मिटून कापडाच्या ताग्यावरून तळहात फिरवायचे आणि धागा चुकलेला नेमका पकडायचे. मला म्हणायचे, "डोळो फसता रे, बोट फसणा नाय." मी हे शंभर वेळा ऐकलं होतं आणि आयुष्यभर टॉर्च घेऊन फिरलो.

मग मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पेडलवरून रबर ओढून काढलं, त्याला अर्धं मिनिट लागतं, आणि उलटं करून बघितलं. मागच्या बाजूला कारखान्याने साच्यातच उठवलेलं उत्पादनाचं साल बारीक आकड्यांत होतं. गाडीचं आणि रबराचं साल एकच. रबर मूळचंच होतं. हरेश खरं बोलला होता, आणि मीटर फिरवल्याचा माझा सगळा पुरावा म्हणजे एका माणसाने गाडीला दिलेला मान होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागच्या टँकरवाल्याने हॉर्न मारून ते आवरायला लावलं.

परत आलो. आधीचा कागद फाडला आणि नवा लिहिला. त्यात कोणाच्याही सांगण्यानुसार काही नव्हतं. मग परबांना फोन केला आणि दोघांना माहुलला बोलावून घेतलं. स्नेहलला सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी म्हटलं होतं काका." शिक्षिका आहे, चूक दाखवल्यावर पुढे बोलत नाही.

मला वाटलं कागद हातात दिला की झालं. चांगुणाबाई म्हणाल्या, "इतं नाय." आणि चालायला लागल्या. त्यांच्यामागे हरेश, त्याच्यामागे मी, मागे परब. बंदरावर बोटी नुकत्या लागल्या होत्या. टोपल्या उतरत होत्या, बायका बर्फावर मासे लावत होत्या, आणि मधोमध तो काटा होता, धर्माने तीस वर्षं धरलेला. आता तिथे दुसरा माणूस उभा होता. चांगुणाबाईंनी त्याला हाताने थांबवलं.

"वाच," मला म्हणाल्या.

मी वाचायला सुरुवात केली.

"मोठ्यानं वाच. त्या दिवशी पार्किंगमदी मोठ्यानंच बोललास ना?"

मी मोठ्याने वाचलं. "मी ही गाडी तपासताना चूक केली. गाडीचा मीटर खरा आहे. पेडलची रबरं मूळची आहेत. कैलासवासी धर्माजी यांनी गाडी नऊ वर्षं अनवाणी चालवली, म्हणून रबरं नवी दिसतात. मी न विचारता आणि रबर न काढून बघता मीटर फिरवल्याचं लिहिलं आणि लोकांसमोर बोललो. ते खोटं होतं." खाली माझं नाव होतं, तेही वाचायला लावलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत की कोणी मला शिव्याही दिल्या नाहीत. एका म्हाताऱ्याने "मंग, धर्माचा काटा हाय तो," एवढं म्हटलं आणि टोपली काट्यावर ठेवली. काम सुरू झालं. चांगुणाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि बराच वेळ पदर खाली घेतला नाही.

परबांनी गाडी घ्यायचं नक्की केलं. चांगुणाबाईंना ती विकायचीच होती. घरात रोज चालवणारं कोणी नव्हतं. "उबी होरी सडते," त्या म्हणाल्या. स्नेहलने आपण होऊन चप्पल काढली आणि सीटवर बसून पाहिलं, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग मी त्यांना तो खळगा दाखवला. त्या खाली वाकल्या, एका हाताने दार धरून, आणि अंगठ्याने रबर चाचपायला लागल्या. मासा निवडणारे हात ते, मला टॉर्च मारून जे सापडलं नाही ते त्यांना लगेच सापडलं. अंगठा तिथेच ठेवून त्या तशाच वाकून राहिल्या.

"ह्यो मना काढून दे," म्हणाल्या. "गारी त्यांची. ह्यो त्याचा पाय हाय."

मी चेंबूरच्या दुकानातून नवं रबर आणलं. जुनं काढून त्यांच्या हातात दिलं, त्यांनी ते धुतलंही नाही, तसंच पदरात बांधलं. नवं रबर मी स्वतःच्या हाताने बसवलं. बसवताना हसू आलं आणि वाईटही वाटलं. मूळ रबर काढून नवं बसवलेली गाडी! असल्या गाड्या पकडून मी नाव कमावलं होतं. उद्या माझ्यासारखाच कोणी आचार्य टॉर्च घेऊन वाकेल, धारदार रेघा बघेल आणि तोंड उघडेल. म्हणून रिपोर्टची एक प्रत मी गाडीच्या पुढच्या खणात ठेवली. खाली एक ओळ वाढवली. क्लच पेडलचं रबर नवं आहे, ते मी बदललं आहे, जुनं मालकीणबाईंकडे आहे.

त्यानंतर मी काम हळूहळू कमी केलं. जी थोडी केली त्यांत प्रत्येक विकणाऱ्याला विचारायचो, गाडी चप्पल घालून चालवता की काढून? लोक एकमेकांकडे बघायचे. विचारात पडायचो तो मी एकाच गोष्टीने. धर्माच्या आधी नव्या रबरावरून मी किती गाड्या नापास केल्या? त्यांतल्या किती जणांनी मला तीनदा फोन केला नाही? याचा हिशोब लागत नाही, आणि तो लागत नाही म्हणून मी सुटलो असं मला वाटत नाही.

या पावसाळ्याआधी स्नेहलचा फोन आला. गावी जायचं म्हणून गाडी गॅरेजला टाकली होती. तिथल्या मिस्त्रीने खाली वाकून बघितलं आणि परबांसमोर म्हणाला, मॅडम, फसलात तुम्ही, रबर बदललंय, मीटर फिरवलेला दिसतोय.

"मग?" मी विचारलं.

"मग काय काका. खणातून तुमचा कागद काढून त्याच्या हातात दिला. म्हटलं, वाच. आणि मोठ्याने वाच."